पायाळू गुरुजींची टाच

"सौंसरचा अर्धा बाजार माह्या उजव्या टाचेवर उभा आहे!" असं मोरेश्वर गुरुजी छाती पुढं काढून सांगत. आणि ते काही अगदीच खोटं नव्हतं! गुरुजी पायाळू होते. म्हणजे सगळी माणसं जन्माला येताना डोकं पुढं करून येतात, हे पाय पुढं करून आले. पायाळू माणसानं चमक भरलेल्या कमरेला लाथ मारली की कंबर मोकळी होते, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. त्यामुळं कापसाचं बोचकं उचलताना अडकलेला हमाल असो, संत्र्याची पेटी उतरवताना वाकलेला बागवान असो, की नागपूर बसच्या टपावर सामान चढवताना धनुष्य झालेला कंडक्टर असो, सकाळ झाली की सगळे गुरुजींच्या ओसरीवर ओणवे! गुरुजी चहाची बशी खाली ठेवायचे, जामसांवलीच्या मारुतीच्या दिशेनं एकदा हात जोडायचे आणि टाच हाणायचे. माणूस "आई गं!" म्हणून उभा राहायचा आणि वर गुरुजींच्या पाया पडायचा.

"लाथ खाऊन 'उपकार झाले' म्हणणारे लोक तुले कुठी पाहायला भेटतीन?" गुरुजी बायकोला ऐटीत विचारत.

"निवडणुकीत," विजयमालाबाई पोळी लाटता लाटता म्हणत.

पण गुरुजींचा खरा जीव होता पहिलीच्या वर्गात. शाळेत पहिली कोणालाच नको असे. नाक पुसा, बटणं लावा, रडणाऱ्याला समजवा, आणि तेच अक्षर पुन्हा पुन्हा काढा! गुरुजींना मात्र तीच हवी असे. बदकाचा ब शिकवायचा तर ते स्वतः बदक होऊन पुढं चालत आणि सगळा वर्ग त्यांच्यामागं डुलत डुलत निघे. हत्तीचा ह शिकवताना त्यांची सोंड पार व्हरांड्यापर्यंत जाई. एखाद्या पोराला अक्षर येत नसलं तर ते कधी रागावत नसत. "अक्षर कुठी पळून जाऊन राहिलं का? उद्या येईन," असं म्हणत, आणि ते अक्षर खरंच कधीतरी येई. खुर्ची म्हणून एक वस्तू वर्गात होती, पण तिच्यावर गुरुजींचा कोट बसे.

आणि त्या वर्षी, म्हणजे शहाऐंशी साली, दसऱ्याच्या सुमाराला गुरुजी सकाळी खाटेवरून उतरले आणि "अर्रर्र!" करून पुन्हा खाटेवर!

"काय झालं?" विजयमालाबाई धावत आल्या.

"काटा! बाभळीचा काटा घुसला टाचेत!"

बाईंनी चष्मा लावला, सुई घेतली, टाच उजेडाला धरली. काटा नाही. पुन्हा पाहिलं. काटा नाहीच! दोन पावलं चालल्यावर दुखणं कमी झालं, म्हणून गुरुजी शाळेत गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तोच काटा! आठवडाभरात अशी गत झाली की बदकाचा ब शिकवताना बदक लंगडू लागलं. पोरांना वाटलं, हाच नवा ब आहे. सगळा वर्ग एका पायानं लंगडत व्हरांड्यातून निघाला, आणि नेमके समोरून बडे गुरुजी आले.

बडे गुरुजी म्हणजे शाळेचे मुख्याध्यापक, हेमंतराव. वयानं मोरेश्वर गुरुजींपेक्षा बरेच लहान, फक्त खुर्चीनं बडे. त्यांनी गुरुजींना ऑफिसात बोलावलं.

"गुरुजी, हे काय चालू आहे? लंगड्यांची वरात?"

"टाच दुखून राहिली जराशी."

"बसून शिकवा मग."

"पहिलीले बसून कसं शिकवता येईन, बडे गुरुजी? बसलेला हत्ती पोरं मानत नाहीत."

हेमंतरावांनी सुस्कारा सोडला. "हे पहा, दिवाळीच्या सुट्टीत पाय नीट करून घ्या. नाही झाला, तर सुट्टीनंतर तुम्ही इथं ऑफिसात बसा, दाखले लिहा. पहिली मी अनिलले देतो."

गुरुजींच्या काळजात टाचेपेक्षा मोठी कळ उठली. अनिल मास्तर वाईट माणूस नव्हता. स्वच्छ कपडे, वेळेवर हजर, मोत्यासारखं अक्षर. त्याला फक्त मुलं आवडत नसत. फळ्यावर एक ओळ लिहून "हे उतरवा" म्हणायचं आणि दिवसभर पेपर वाचायचा, अशी त्याची शिकवण्याची पद्धत होती.

"सुट्टी संपायच्या आत मी धावून दाखवतो तुम्हाले!" गुरुजी म्हणाले. आणि लंगडत बाहेर पडले.

सुट्टी लागताच त्यांनी नागपूरची बस धरली. धंतोलीत एका दुकानाच्या माडीवर उषा मॅडमचा व्यायामोपचाराचा दवाखाना होता. औषध नाही, सुई नाही, नुसता व्यायाम आणि मालिश! मॅडमनी टाच दाबली. गुरुजी टेबलावरून वीतभर उडाले.

"तळपायाचा पट्टा आखडला आहे, काका," मॅडम म्हणाल्या. "टाच कशावर आपटता का?"

"कमरेवर."

"कोणाच्या?"

"ज्याची दुखत असेन त्याच्या."

मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं. गुरुजींनी सगळं सविस्तर सांगितलं. पहिलीच्या वर्गाची सवय, त्यामुळं दोनदा सांगितलं.

"म्हणजे लोक पेशंट होऊन तुमच्याकडे येतात आणि तुम्ही पेशंट होऊन माझ्याकडे?"

"काय करता मग? माह्या टाचेले लाथ मारणारा पायाळू सापडला नाही ना!"

मॅडम हसल्या, पण लगेच गंभीर झाल्या. सकाळी उठल्या उठल्या पाय जमिनीवर ठेवायचा नाही. आधी तळवा अंगठ्यानं चोळायचा, टाचेकडून बोटांकडे. हलक्या हातानं, हे त्यांनी बजावून सांगितलं. मग पंचा पंजाला अडकवून ओढायचा. मग भिंतीला हात लावून, एक पाय मागं नेऊन पोटरी ताणायची. घरातसुद्धा मऊ चप्पल घालायची.

"आणि लाथा बंद."

"हळूहळू बंद केल्या तर?"

"ती तंबाखू नाही, काका. आजपासून बंद!"

घरी आल्यावर गुरुजींनी आज्ञाधारक विद्यार्थ्यासारखा अभ्यास सुरू केला. सकाळी विजयमालाबाई अंगठ्यानं तळवा चोळत, मग गुरुजी पंचा ओढत, मग अंगणात जाऊन भिंत ढकलत. शेजारच्या अंबाबाई कुंपणावरून पाहत राहिल्या. तिसऱ्या सकाळी त्यांच्यानं राहवलं नाही.

"विजयमाला, ओ विजयमाला! गुरुजी भिंत काहून ढकलून राहिले वं?"

"अंगण लहान पडून राहिलं, अंबाबाई. घर सरकवून पाहतात."

थट्टा काहीही होवो, पण व्यायाम लागू पडला! सकाळचा काटा बोथट झाला. गुरुजी पाण्याची बादली घेऊन अंगणातून घरात आले आणि दुखलं नाही. त्यांनी हळूच इकडं तिकडं पाहिलं आणि ओसरीवर चार पावलं बदकाची चालून पाहिली. बदक लंगडलं नाही! गुरुजींच्या डोळ्यांत पाणी आलं.

इथंच सगळं थांबलं असतं तर ही गोष्ट सांगायचं कारणच नव्हतं. पण त्याच दिवशी कवडू आला.

कवडू कापसाच्या जिनिंगमधला हमाल. दिवाळीच्या तोंडावर कापसाची धूम, आणि त्याची कंबर धरलेली! अंगणाच्या फाटकातून तो असा आला की आधी डोकं आलं, मग बऱ्याच वेळानं पाय आले.

"गुरुजी, हाना!"

"बंद आहे, कवडू. डॉक्टरनं मनाई केली."

"एकच हाना ना! हळू हाना!"

"माहा वर्ग जाईन रे बावा. पाय बरा झाला नाही तर पहिली जाते माह्या हातातून."

कवडू मनाचा चांगला. तो तिथंच टेकला. आत विजयमालाबाईंचे हात चकल्यांच्या पिठात होते आणि तळवा दुसऱ्यांदा चोळायची वेळ झाली होती. कवडू म्हणाला, "आना इकडं पाय. मी चोळून देतो. लाथ नाही तर नाही, सेवा तर घडन!" त्यानं गुरुजींची टाच मांडीवर घेतली, वाकून चोळू लागला, आणि चोळता चोळता त्याच्या कमरेत 'कट्' असा आवाज झाला. कवडू ताडकन उभा राहिला. सरळ! विजेच्या खांबासारखा!

"गुरुजी! मोकळी झाली! लाथेबिगर मोकळी झाली!"

"अरे, तू वाकला म्हणून शीर सुटली असेन," गुरुजी म्हणाले. पण ऐकायला कवडू होता कुठं? तो फाटकाबाहेर धावत गेला होता आणि सरळ उभं राहून अख्ख्या बाजाराला सांगत होता, "लाथ खायची गरजच नाही! गुरुजीची टाच चोळा, कमर मोकळी!"

दुसऱ्या दिवशी सकाळी विजयमालाबाईंनी दार उघडलं आणि लगेच लावून घेतलं.

"अहो, बाहेर जत्रा भरून राहिली."

प्रत्येकाच्या हातात आपापलं तेल होतं. मोहरीचं, तिळाचं, निलगिरीचं! अंबाबाई एरंडेलाची वाटी घेऊन सगळ्यांच्या पुढं, कारण त्या शेजारच्या. मोहगावहून आलेल्या एकानं कसली तरी काळी चरबी आणली होती आणि ती कोणत्या जनावराची हे तो सांगत नव्हता. गुरुजींनी सगळ्यांना हात जोडून समजावलं की डॉक्टरीणबाईंनी हलका हात सांगितला आहे. सगळ्यांनी मान डोलावली. मग पहिल्या माणसानं कणीक तिंबावी तशी टाच तिंबली!

"हळू रे!"

"हळूनं माही कमर कशी बरी होईन, गुरुजी?"

हा त्यातला खरा प्रश्न होता. जो तो गुरुजींच्या टाचेला चोळत होता आणि आपल्या कमरेचा विचार करत होता. ज्याची कंबर जास्त दुखे, तो जास्त जोर लावी. आणि गुरुजींना 'नाही' म्हणता येत नसे. पहिलीच्या पोरांना शिकवताना जो धीर त्यांनी आयुष्यभर जमवला होता, तो सगळा त्या दिवाळीत त्यांच्याच मुळावर आला. लक्ष्मीपूजनापर्यंत टाच मोसंबीएवढी झाली आणि पाडव्याला संत्र्याएवढी! रंगही तसाच!

विजयमालाबाई दारात उभ्या राहून कडाडल्या, "लाज वाटू द्या जराशी! जामसांवलीचा मारुती पाहा, तो निजून आहे! देव असून त्याले आराम भेटते, आन ह्या माणसाले तुमी झोपू देत नाही!"

"बरोबर आहे, विजयमालाबाई," रांगेतला एकजण नम्रपणे म्हणाला. "गुरुजी, तुमी निजून राहा. आमी चोळतो."

भाऊबीजेला विजयमालाबाईंचा धाकटा भाऊ गुणवंता पांढुर्ण्याहून जीप घेऊन आला. ओवाळून घेतलं, ताटात साडी ठेवली आणि भाऊजींची टाच पाहून डोळे पुसले.

"ताई, हे काय करून ठेवलं भाऊजीचं! चला भाऊजी, पांढुर्ण्याले चला. तिथी तुमाले कोणी ओळखत नाही. मस्त आराम करा. सुट्टी संपली का मी आणून सोडतो, धावत शाळेत जासान!"

गुरुजींना वाटलं, देवच जीप घेऊन आला! ते मागच्या दारानं जीपमध्ये बसले, अंगावर घोंगडी घेतली आणि सौंसरच्या बाहेर निघून गेले. वाटेत संत्र्याचे बगीचे दिसले, तसं त्यांना मनातल्या मनात बरं वाटू लागलं. सुट्टीचे अजून बरेच दिवस होते. पंचा ओढू, भिंत ढकलू, वर्ग वाचेल!

पांढुर्ण्यात जीप शिरली आणि गुरुजींना लाउडस्पीकर ऐकू आला.

"...पायाळू महात्मा मोरेश्वर गुरुजी यांचे शुभागमन! सर्व कमर-पीडितांनी लाभ घ्यावा! निवेदक, आपला सेवक गुणवंता, मंडी समितीचा उमेदवार!"

"गुणवंता, हे काय रे?"

"काही नाही, भाऊजी. घरचंच कार्य आहे. इलेक्शन आहे ना मंडीचं, बाजार समितीचं."

घरासमोर मांडव होता. मांडवात चौरंग, चौरंगावर गादी, गादीपुढं एक छोटी उशी. ती उशी टाचेसाठी! गुणवंतानं पुढं होऊन टाचेला झेंडूचा हार घातला. मेहुण्याच्या गळ्यात हार पडायचा, इथं टाचेला पडला! मग मतदार सुरू झाले. इथले लोक सौंसरपेक्षा दणकट, आणि मोफत मालिश करायला मिळत असल्यानं आवेश मोठा.

"भाऊजी, हसा ना जरासे!" गुणवंता कानात म्हणे. "हा माणूस मोठ्या घरचा आहे. अकरा मतं आहेत त्याच्या घरात."

"अरे, त्याचा अंगठा टाचेच्या आरपार निघाला!"

"सहन करा. मंडीत आलो का तुमचेच दिवस आहेत."

हे पाहून विरोधी उमेदवाराच्या पोटात दुखू लागलं. टाचेला टाचेनंच उत्तर द्यावं, तर त्याच्याकडं पायाळू नव्हता. तेव्हा त्यानं बाजारात उठवून दिलं की हा माणूस पायाळूच नाही, चारचौघांसारखा डोक्याकडून जन्मला आहे! मांडवात बाचाबाची सुरू झाली. पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वी गुरुजी कसे जन्मले, यावर लोक एकमेकांच्या गचांड्या धरू लागले. प्रत्यक्ष गुरुजी समोर बसले होते, पण त्यांना कोणी विचारेना. बरोबरच होतं म्हणा, त्यांना काय आठवणार?

शेवटी विरोधी पार्टीच्या लोकांनी मोहगावला बैलगाडी पाठवली आणि गुरुजींना ज्या सुइणीनं जगात आणलं, त्या देवकाबाईंना उचलून आणलं. म्हातारी पार वाळलेल्या शेंगेसारखी, पण आवाज खणखणीत!

गुरुजींच्या मनात एकाएकी आशेचा किरण चमकला. म्हातारी 'नाही' म्हणाली तर? एका शब्दात सुटका! लोक घरी जातील, टाच मोकळी होईल, वर्ग वाचेल! आयुष्यभराचा टेंभा मिरवला तो मिरवला, पण त्या क्षणी गुरुजींना वाटलं, आपण डोक्याकडून जन्मलो असतो तर किती बरं झालं असतं! ते हात जोडून म्हणाले, "देवकाआजी, नीट आठवून सांगा. डोकंच आलं असेन आधी. माणसाची चूक होते. अंधार होता, कंदील बारीक..."

"कायची चूक?" म्हातारी भडकली. "माह्या ह्या हातानं ओढला तुले! पायच आले आधी! तुही माय बोंबलून राहिली होती आन तू पाय बाहेर काढून मजेत लटकून होता!"

गुणवंताच्या पार्टीनं टाळ्यांचा कडकडाट केला. गुरुजींची मान खाली गेली. देवकाबाईंनी पुढं येऊन हारातली टाच पाहिली, आपला चष्मा सारखा केला आणि म्हणाल्या, "पण हा पाय नाही."

"काय?"

"डावा आला होता आधी! उजवा तर आतच अडकून बसला होता, निघून नाही राहिला होता. उजव्यात काय असन? गुण डाव्यात आहे!"

मांडवात एक मोठा निःश्वास उठला. मागं सौंसरचा बस कंडक्टर उभा होता, तो ओरडला, "तरीच! तरीच माही कमर दर पंधरा दिवसाले पुन्हा धरते! गुरुजी, इतके साल तुमी आमाले चुकीच्या पायानं मारून राहिले!"

कोणी विचार केला नाही की चुकीच्या पायानं इतकी वर्षं गुण कसा आला. झेंडूचा हार उजव्या टाचेवरून डाव्या टाचेवर गेला. उशी डावीकडं सरकली. गुरुजींच्या अंगात जो एक धड पाय उरला होता, त्यावर सगळे तुटून पडले. मतदानाच्या दिवसापर्यंत डावी टाचही पिकली!

गुणवंता निवडून आला. लोकांनी त्याला खांद्यावर घेऊन गुलाल उधळला, जीप त्याच्या मिरवणुकीत गेली. त्या गर्दीत गुरुजींना खांद्यावर घ्यायचं कोणाला सुचलं नाही. ते दोन्ही टाचा वर उचलून, चवड्यांवर, तापलेल्या वाळूवरून चालावं तसे बसस्टँडपर्यंत चालत गेले. मंडी समितीच्या नव्या सदस्यानं लांबून हात हलवला. त्यांनीही हलवला.

सुट्टी संपली. शाळेच्या पहिल्या दिवशी गुरुजी घरातून फार लवकर निघाले, कारण पोचायला फार वेळ लागणार होता. चवड्यांवर चालत, भिंतीचा आधार घेत ते ऑफिसच्या दारात आले. मनाशी ठरवलं होतं, बडे गुरुजींसमोर टाचा टेकवायच्या, दात आवळायचे आणि म्हणायचं, "बरा आहे पाय." मग जे होईल ते होईल!

आत पाहतात तो बडे गुरुजी काटकोनात! सुट्टीत शाळा रंगवली होती, आणि कोपऱ्यातली लोखंडी पेटी जागेवर सरकवायला ते वाकले ते वाकलेलेच. दोन्ही हात पेटीवर, नाक पेटीला लागलेलं, आणि सदऱ्याची शेपटी वर!

"कोण आहे?" पेटीतून आवाज आला.

"मी, मोरेश्वर."

"देवासारखे आले! मारा, गुरुजी, मारा! लवकर मारा!"

गुरुजींनी समोरच्या कमरेकडं पाहिलं. इतक्या कमरा पाहिल्या, पण इतकी हातात... नव्हे, पायात आलेली कंबर त्यांनी पाहिली नव्हती. उषा मॅडम डोळ्यांसमोर आल्या. मारली तर टाच कायमची जाईल. नाही मारली तर वर्ग जाईल.

"बडे गुरुजी, पहिली माह्याजवळच राहीन ना?"

"राहीन!"

"नक्की?"

"अहो, शब्द देतो! वर्ग तुमचाच! मारा आता!"

गुरुजींनी सुजलेली उजवी टाच जमिनीवर टेकवली. डोळ्यांपुढं काजवे चमकले. मग डावी उचलली. दिवाळीतली सगळी तेलं, सगळे अंगठे, ती काळी चरबी, झेंडूचा हार आणि लाउडस्पीकर, सगळं त्यांनी त्या एका लाथेत घातलं. धाडकन आवाज झाला! बडे गुरुजी पेटीवरून पलीकडं गेले आणि भिंतीला हात लावून उभे राहिले. सरळ! गुरुजी मात्र जिथं होते तिथंच खाली बसले.

"वा!" हेमंतराव कंबर फिरवून पाहत म्हणाले. "वा, वा! काय गुण आहे! गुरुजी, तुम्ही माणूस नाही, खजिना आहात!" त्यांनी गुरुजींना स्वतःच्या हातांनी उचललं, आणि स्वतःच्या खुर्चीशेजारच्या खुर्चीत बसवलं. पायांखाली स्टूल दिलं, स्टुलावर आपलं उपरणं घातलं.

"अशी टाच पोरांमागं धावून झिजवायची? पाप आहे, गुरुजी! आजपासून तुम्ही इथं बसायचं."

"पण बडे गुरुजी... वर्ग? तुम्ही शब्द दिला."

"शब्द म्हणजे शब्द! वर्ग तुमचाच. हजेरीवर नाव तुमचंच राहीन. शिकवीन फक्त अनिल."

बोलताना त्यांच्या चेहऱ्यावर इतकी खरीखुरी माया होती की गुरुजींना भांडताही आलं नाही. वाईट माणसाशी भांडता येतं. उपकार करणाऱ्याशी कसं भांडणार?

तेव्हापासून गुरुजी ऑफिसात बसू लागले. दाखले लिहीत. पलीकडच्या खोलीतून पहिलीचा आवाज यायचा तो बंद झाला, कारण पोरं दिवसभर ओळ उतरवत होती. बडे गुरुजींच्या हुकमानं टाचेला कोणी हात लावायचा नाही, असं ठरलं होतं. तेव्हा गुरुजी स्टुलावर पाय ठेवून पंचा ओढत, ऑफिसची भिंत ढकलत, हलक्या हातानं स्वतःच तळवा चोळत. उषा मॅडमनी सांगितलं होतं, तस्संच! आणि संक्रांत आली तेव्हा एका सकाळी ते खाटेवरून उतरले आणि काटा नव्हता. उजव्यात नाही, डाव्यातही नाही!

गुरुजी त्या दिवशी शाळेत चालत गेले नाहीत, धावत गेले. ऑफिसात बडे गुरुजींच्या समोर उभे राहिले आणि कोट सांभाळत त्यांनी एक उडी मारली. मग दुसरी. मग व्हरांड्याच्या टोकापर्यंत बदक होऊन गेले आणि बदक होऊनच परत आले.

"पहा, बडे गुरुजी! काही दुखत नाही! पूर्ण बरा झालो! आता तरी द्या माहा वर्ग!"

हेमंतराव आनंदानं खुर्चीतून उठले. डोळ्यांत पाणी आलं होतं त्यांच्या. ते धावत दाराशी गेले आणि बाहेर तोंड करून ओरडले, "या रे, या! दोन्ही टाचा चालू झाल्या!"

फाटकाबाहेर रोज आशेनं थांबणारी माणसं आत आली आणि व्हरांड्यात ओळीनं ओणवी झाली. गुरुजी त्या ओळीकडं पाहत राहिले. कंडक्टर, कवडू, एक बागवान, आणि सगळ्यांच्या शेवटी, बगलेत पाटी, एक हात पाठीमागं, वाकलेली कमल. पहिलीतली.

"तुले काय झालं गं, कमल?"

"कमर दुखून राहिली, गुरुजी."

"कुठी असते कमर?"

कमलनं थोडा विचार केला आणि गुडघ्यावर बोट ठेवलं.

गुरुजी सगळी ओळ ओलांडून तिच्यापाशी गेले आणि तिथंच जमिनीवर बसले. तिला पाठमोरी उभी केली आणि बोटानं तिच्या पाठीवर हळूच एक अक्षर काढलं.

"सांग, काय काढलं?"

"ब!" कमल ओरडली आणि ताडकन सरळ झाली.

हेमंतराव दारातून हे कौतुकानं पाहत होते. ते हळहळून म्हणाले, "अरेरे, एवढीशी पोर आणि तिलाही चमक! बरं झालं, गुरुजी, तुम्हाले वर्गातून काढलं. नाही तर हिच्याकडं पाहिलं कोणी असतं?"